नकोसं बाळ: लपवू नका, विचारा

१८९६ मध्ये लंडनमध्ये अमेलिया डायर या बाईला फाशी झाली. पैसे घेऊन सांभाळायला घेतलेलं बाळ तिने मारलं होतं. आपल्या मुंबई इलाख्यात १८८१ मध्ये विजयालक्ष्मी या विधवेला पोटच्या बाळाच्या हत्येबद्दल फाशी सुनावली गेली. पुढे शिक्षा कमी झाली. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट होती: बदनामीची भीती.

जोतिराव-सावित्रीबाईंनी ती आधीच ओळखली. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला.

आजही उकिरड्यावर बाळ सापडलं की आपण आईला शिव्या देतो. माझ्या मते, त्यापेक्षा तिला वाट माहीत असणं महत्त्वाचं. पालेगावातल्या मुलीलाही हे ठाऊक हवं: २० आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात अविवाहित स्त्रीलाही करता येतो, नाव गुप्त राहतं. दिवस उलटून गेले असतील, तर दवाखान्यातच बाळंत व्हा. बाळ बाल कल्याण समितीकडे सोपवता येतं. विचार बदलायला ६० दिवस मिळतात. १०९८ वर फोन करा. घरी गोळ्या घेऊन जीव धोक्यात घालू नका.