फुगा आणि तारपा

वस्तू कशा बनतात हे सांगणाऱ्या मुलांच्या पुस्तकांत बहुधा विमानं असतात, रॉकेटं असतात. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीच्या मुलांसाठी मला फुग्यापासून सुरू होणारं पुस्तक हवं आहे, कारण डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत. लांबट साचा आधी क्षाराच्या द्रावणात बुडवतात, मग रबराच्या चिकात. क्षारामुळे चीक साच्यावर गोठतो, तोंडाशी त्याची कड गुंडाळतात, सुकवतात आणि फुगा अलगद उतरवतात. पुढची पानं तारप्याची, म्हणजे वारल्यांच्या फुंकून वाजवायच्या वाद्याची. वाळवून पोखरलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा भोंगा, सांधे बुजवायला मेण. आणि खरं नवल पुढेच: वाजवणारा गालांत हवा राखून नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही. हे शब्दांपेक्षा चित्रांनी लवकर कळेल, आणि ती चित्रं वारली चित्रकारांनीच काढावीत. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचा वारसा इथलाच. भोवतालच्या वस्तूंतून शिकण्याला इथे जुनी मुळं आहेत. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि सहकारी अनुताई वाघांसह त्यांनी शंख-शिंपले, पानं, बिया यांनाच शैक्षणिक साधनं केलं. हे पुस्तक लिहिणाऱ्याने कारखान्यातल्या कामगारांजवळ आणि तारपा घडवणाऱ्यांजवळ बसून ते लिहावं, आणि मजकूर मराठीसोबत वारली बोलीतही छापावा.