घामाचे दाम

नोकरी सुटली, राजीनामा मंजूर झाला. परंतु अखेरच्या दोन महिन्यांचे वेतन हाती आले नाही, हा अनुभव मध्यमवर्गीय घरांना नवा नाही. ‘पुढच्या आठवड्यात बघू’ हे उत्तर ऐकत माणूस हेलपाटे घालतो आणि शेवटी भिडेपोटी, किंवा अनुभवाचा दाखला अडेल या धास्तीने, गप्प बसतो. अशा मौनाने वेतन बुडविणाऱ्याला मात्र अभय मिळते.

वेतन न देणाऱ्या धन्याला कौटिल्याच्या अर्थशास्त्रानेही दंड सांगितला आहे. आजचा कायदाही दुबळा नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार सेवा संपल्यावर कामकाजाच्या दोन दिवसांत वेतन चुकते करावे लागते. दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. वेतन दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते.

म्हणून नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, बँकेचे पासबुक जपून ठेवावे. मागणी लेखी करावी, पोच घ्यावी. भाषा संयत असावी. रक्कम आणि मुदत मात्र स्पष्ट लिहावी. तरीही दाद लागली नाही, तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयाची पायरी चढण्यात संकोच कसला? ज्या पैशावर घरातील दूध आणि मुलांची फी अवलंबून असते, तो कोणाच्या औदार्याचा नसतो, घामाचा असतो.