अंगठाबहाद्दरांची बदनामी

खून कोणी केला हे शेवटच्या पानापर्यंत लपवून ठेवायचे, ही रहस्यकथेची जुनी रीत. रूथ रेंडेल या इंग्रज लेखिकेने १९७७ साली ती धाब्यावर बसवली. तिच्या ‘अ जजमेंट इन स्टोन’ या कादंबरीच्या पहिल्याच वाक्यात खुनी कोण, मेले कोण आणि खून कशापायी झाला, हे सारे सांगून टाकले आहे. तेव्हा वाचकहो, ऐन दिवाळीत मी गोष्ट फोडली म्हणून माझ्यावर रागावू नका. फोडण्यासारखे बाईंनी काही शिल्लकच ठेवलेले नाही! खुनी आहे युनिस पार्चमन नावाची घरकामाची बाई. मेले ते तिचे मालक कव्हरडेल, त्यांची पत्नी आणि घरातली दोन तरुण मुले. आणि कारण काय, तर युनिसला लिहिता-वाचता येत नव्हते.

या कारणाशी माझे भांडण आहे. खरे सांगायचे तर लेखिकेशी थोडे आणि तिच्या वाचकांशी पुष्कळ.

गेल्या वर्षी आमच्या भागात साक्षरतेच्या कामासाठी शिक्षकांची सभा भरली होती. पाहुणे शहरातले, विद्वान, बोलण्यात मोठे वाकबगार. त्यांनी ही गोष्ट अशी रंगवून सांगितली की मागच्या बाकांवर डुलक्या घेणारेही सावरून बसले. शेवटी ते म्हणाले, निरक्षर माणूस म्हणजे घरात ठेवलेला दारूगोळा. ठिणगी कधी पडेल याचा नेम नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे पुण्यातल्या एका स्नेह्यांच्या घरी हाच विषय निघाला, तेव्हा एक सुशिक्षित बाई म्हणाल्या, “ते पुस्तक वाचल्यापासून मला आमच्या कामवालीची भीतीच वाटते हो!” आणि हसल्या. मी हसलो नाही. ते पुस्तक मिळवले, आणि मॅट्रिकपुरत्या इंग्रजीच्या बळावर, शब्दकोश मांडीवर घेऊन, शेवटच्या पानापर्यंत वाचून काढले.

पुस्तक वाईट आहे असे मी म्हणणार नाही. स्वतः कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला एवढे कळते, की शेवट ठाऊक असताना वाचकाला पान उलटायला लावणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. युनिस कामाला वाघीण आहे. घर आरशासारखे ठेवते. पण मालकीणबाई बाहेर जाताना कामाची चिठ्ठी लिहून ठेवतात, आणि त्या चिठ्ठीपुढे ही धिप्पाड बाई लहान मुलासारखी घाबरते. साहेब टेलिफोनवरून सांगतात, माझ्या टेबलावरचे अमुक कागद काढून पाठव. हिच्या पोटात गोळा उठतो. मग ती सबब सांगते, डोळ्यांना नीट दिसत नाही, चष्मा पाहिजे.

ही डोळ्यांची सबब वाचली आणि मी पुस्तक खाली ठेवले. इंग्लंडातल्या बाईला आमच्या पाबळच्या बायांची युक्ती कोणी शिकवली? बाहेरच्या लोकांना आमचे गाव मस्तानीच्या समाधीमुळे ठाऊक असते. मला ते पालकसभेच्या रजिस्टरातून ठाऊक आहे. सहीसाठी पेन पुढे केले की एखादी आई पदर सावरते आणि म्हणते, “गुरुजी, चष्मा घरी राहिला. तुम्हीच लिवा माझं नाव.” तिच्या नाकावर चष्म्याचा वळ नसतो. तो नाही हे मला दिसते, मला दिसते हे तिला कळते, आणि आम्ही दोघेही गप्प राहतो. रेंडेलबाईंनी ही लाज ओळखली, त्याबद्दल त्यांना माझा नमस्कार.

पण एवढ्यावर त्या थांबत नाहीत. अक्षर नाही म्हणून कल्पना नाही, कल्पना नाही म्हणून दुसऱ्याचे दुःख कळत नाही, आणि ते कळत नाही म्हणून माणूस मारताना हात कापत नाही, अशी साखळी त्यांनी ओवली आहे. वाचक ती साखळी डोळे मिटून गळ्यात घालतो. १९५१च्या जनगणनेत आपल्या देशातले शंभरातले जेमतेम १८ जण साक्षर होते. साखळी खरी असती, तर उरलेल्या ८२ जणांनी त्या अठरांना जिवंत सोडले असते का?

कल्पना नाही म्हणे! श्रावणात आमच्याकडे पोथी लागते. वाचणारा एक, ऐकणारे पन्नास. माझ्या एका विद्यार्थ्याची आजी, अक्षराशी जन्मात गाठ न पडलेली, खांबाला टेकून डोळे मिटून बसते. एकदा वाचणारा पोरगा भराभर पुढे गेला, तशी म्हातारी डोळे न उघडता म्हणाली, “बाबा, मधलं खाल्लंस.” पाहतो तो दोन पाने एकमेकांना चिकटलेली! हीच म्हातारी, पोथीत सीता वनात निघाली की दरवर्षी त्याच जागी पदर डोळ्यांना लावते. पोथी तिने साठ वेळा तरी ऐकली असेल. शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीसाठी साठ वेळा रडणे याला कल्पनाशक्ती म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे? आम्ही शिकलेले लोक दुसऱ्यांदा तेच पुस्तक हातात घेताना जांभई देतो.

आणि ही काही एकटी म्हातारी नव्हे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या, तेव्हा खेड्यापाड्यांतल्या बायांच्या तोंडून लाखाहून अधिक ओव्या निघाल्या. आमच्या शिरूर तालुक्यातल्या बायाही त्यांत आहेत. त्यांतल्या बहुतेकींनी पाटीला हात लावलेला नव्हता. बहिणाबाई चौधरींचे तर नाव घेण्याचीही गरज नाही. १९५१ साली त्या गेल्या, दुसऱ्या वर्षी अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी छापून आली, आणि महाराष्ट्रातले पदवीधर तोंडात बोट घालून बसले. इंग्लंडात अशा बाया नसतील तर तो इंग्लंडचा दुर्दैवाचा भाग. त्यांच्या तुटवड्यावरून जगाचा सिद्धान्त काढू नये.

आता खुद्द कादंबरीतच जे लिहिले आहे ते पाहा. ते आमच्या पाहुण्यांनी सांगितले नाही, पुण्याच्या बाईंनाही आठवले नाही. खून करायला युनिस एकटी नव्हती! तिच्याबरोबर जोन स्मिथ होती. ही जोन गावच्या दुकानदाराची बायको. त्याच दुकानात गावचे पोस्ट, आणि ही बया लोकांची पत्रे उघडून वाचते. धर्मग्रंथ तिला मुखोद्गत. म्हणजे वाचनाचा तिला केवढा नाद! साहेबांच्याच घरातल्या दोन बंदुका आणि त्या चालवणाऱ्या दोन बाया; एक निरक्षर, दुसरी अट्टल वाचणारी. कट एकीच्या मुक्या रागातून शिजला तितकाच दुसरीच्या वाचलेल्या वेडातून. पण वाचकाच्या लक्षात राहिली ती युनिस. जोन कशी लक्षात राहणार? ती आपल्यासारखी वाचते ना!

इथेच या पुस्तकाच्या लोकप्रियतेची मेख आहे असे मला वाटते. भयंकर गोष्ट वाचल्यावर माणसाच्या मनात एक प्रश्न उभा राहायला हवा : हे माझ्या हातून होईल का? हे पुस्तक मिटताना वाचक निर्धास्त असतो. पुस्तक हातात आहे म्हणजे आपण वाचणारे, आणि वाचणारे म्हणजे खून न करणारे. असली स्वस्त सुटका दुसरी कुठली रहस्यकथा देते?

ज्या १९७७ साली हे पुस्तक निघाले, त्या वर्षी पुणे शहर संध्याकाळी सातनंतर दाराला कडी लावून बसत होते. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा माणसे मारली गेली. जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणून ते प्रकरण आजही घरोघर माहीत आहे. सणाच्या अंकात त्याचा तपशील देत नाही, पण मेलेल्यांत काशीनाथशास्त्री अभ्यंकरांसारखे संस्कृत व्याकरणाचे वृद्ध पंडित होते. आणि मारणारे? कला महाविद्यालयात शिकणारी तरुण मुले. त्यांतल्या चौघांना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यास फाशी झाली. त्यांतला एक, मुनव्वर शहा, तुरुंगात इतका लिहिता होता की त्याने आपली कहाणीच पुस्तकरूपाने मागे ठेवली, ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ या नावाने. आता मला सांगा, ‘त्यांना लिहिता-वाचता येत होते म्हणून त्यांनी दहा खून केले’ असे वाक्य कोणी लिहिले का? लिहिले असते तर आपण त्याला वेड्यात काढले असते. मग तेच वाक्य उलटे करून मोलकरणीला चिकटवले की ते मानसशास्त्र कसे होते?

कोणी म्हणेल, मास्तर, तुम्ही जोतीराव फुल्यांच्याही विरुद्ध बोलता. अविद्येने केवढा अनर्थ केला हे त्यांनीच शिकवले ना? शिकवले, आणि ते मी रोज वर्गात शिकवतो. पण जोतीरावांच्या हिशेबात अडाणी माणूस हा नागवला जाणारा आहे, नागवणारा नव्हे. १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मधला असूड लेखणी हाती धरून शेतकऱ्याला नाडणाऱ्यांवर उगारलेला आहे. रेंडेलबाईंच्या आणि जोतीरावांच्या विचारांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते बुजवून दोघांना एका व्यासपीठावर बसवू नका.

निरक्षर माणसाला कागदाचा संताप आला तर तो काय करतो, हे पाहायला इंग्लंडास जाण्याचेही कारण नाही. डिसेंबर १८७४ मध्ये आमच्याच शिरूर तालुक्यातल्या करडे गावी एका सावकाराने हुकूमनाम्याच्या जोरावर कर्जदाराचे घर पाडले. गावाने काय केले? सावकारावर बहिष्कार घातला. पुढच्या मे महिन्याच्या १२ तारखेला सुप्याच्या बाजारात भडका उडाला आणि भीमथडी, शिरूर, इंदापूर, थेट नगरपर्यंत पसरला. दुकाने लुटली गेली, काही घरे पेटली, मारहाणही झाली. मी काही त्या लोकांना साधुसंत ठरवत नाही. पण त्यांना हवे होते ते कागद. ज्यांवर आपला अंगठा उठवून घेतला आणि वर काय लिहिले ते कधी सांगितले नाही, ती खतपत्रे आणि रोखे. ते हाती आले की होळी करायची आणि निघून जायचे. रोखे मुकाट्याने दिले तिथे बहुधा पुढची आगळीक झाली नाही, असे सरकारच्या चौकशी आयोगालाच लिहावे लागले. १८७९ साली कायदा झाला, आणि शेतकऱ्याचा दस्त सरकारी निबंधकासमोर लिहिण्याचे बंधन आले. अक्षरशत्रूंनी अक्षरांचा सूड घेतला तो असा : कागद जाळला, माणूस राखला.

मग युनिसने माणसे का मारली? पुस्तक नीट वाचा, उत्तर त्यातच आहे. तिला कल्पना नव्हती म्हणून नव्हे. आपले अडाणीपण उघडे पडेल, या भयाने ती आयुष्यभर पोखरलेली होती. आणि ते भय तिला कोणी दिले? ‘वाचता येत नाही म्हणजे अर्धा माणूस’ असे मानणाऱ्या वाचणाऱ्यांच्या जगाने. ते पुस्तक वाचून जे म्हणतात, “बापरे, असली ही निरक्षर माणसे!”, ते त्या भयात आपली ओंजळ ओततात.

हे भय आमच्या कामाच्या आड रोज येते. २०२२ पासून नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. आम्ही मास्तर लोक वह्या घेऊन दारोदार हिंडतो आणि विचारतो, घरात कोणी निरक्षर आहे का? दारातली बाई आत पाहते, बाहेर पाहते आणि सांगते, “न्हाई गुरुजी, आमच्यात समदी शिकल्याली.” मागे चुलीपाशी तिची सासू खाली मान घालून बसलेली असते. वहीतला रकाना कोरा राहतो. त्या सासूला दारूगोळा म्हणणारे भाषण गावात पोहोचले, तर ती मान आणखी खाली जाईल आणि आमचा वर्ग ओस पडेल.

म्हणून मी यंदा दारात ‘निरक्षर’ हा शब्द उच्चारलाच नाही. विचारले ते इतकेच : एस.टी.ची पाटी वाचायला शिकायचे का? मोबाईलवर नातवाचे नाव शोधायचे का? सात जणी आल्या. पहिल्या दिवशी चौघींनी चष्मा घरी राहिल्याचे सांगितले. मी म्हटले, असू द्या, मोठी अक्षरे काढतो.

ते विद्वान पाहुणे यंदाच्या सभेलाही येणार आहेत असे कळते. अवश्य यावे. चहा आमच्याकडे घ्यावा. युनिसची गोष्ट पुन्हा सांगावीशी वाटली तर तीही सांगावी, पण जोनसकट सांगावी, पोस्टातल्या उघडलेल्या पत्रांसकट सांगावी. आणि ती सांगताना, शक्य झाले तर, त्या सात जणींपैकी एखादीला पुढच्या बाकावर बसवून घ्यावे.