विश्लेषण : माळ्यावर सापडलेले विदेशी पिस्तूल… ठेवायचे, द्यायचे की जपायचे?

ठाणे, डोंबिवली, कल्याणमधील जुन्या इमारती पुनर्विकासाला निघाल्या की पहिल्यांदा रिकामे होतात ते पोटमाळे. पितळेची भांडी, जुन्या पत्रिका, लग्नातले फोटो, कुणाची तरी लष्करी ट्रंक. समजा, त्या ट्रंकेत तेलकट फडक्यात गुंडाळलेले एक पिस्तूल निघाले. आजोबा दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते आणि नळीवर परदेशी कारखान्याचे नाव कोरलेले आहे. अशा वेळी नातू सहसा काय करतो? फोटो काढतो, कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो आणि ‘याची किंमत किती येईल?’ असे विचारतो.

इथेच घोळ सुरू होतो. जगात अनेक ठिकाणी अशी दुर्मीळ ‘सर्व्हिस पिस्तुले’ जमवणे हा रीतसर छंद आहे. आपल्याकडे मात्र ट्रंक उघडली त्या क्षणापासून हा विषय छंदाचा राहत नाही, कायद्याचा होतो. तो तसा असावा, हे मान्यच. पण कायद्याच्या धाकाने इतिहासच भंगारात जात असेल, तर त्याचाही विचार व्हायला हवा.

सर्व्हिस पिस्तूल म्हणजे नेमके काय?

एखाद्या देशाच्या सैन्याने किंवा पोलिसांनी अधिकृतपणे स्वीकारलेले पिस्तूल म्हणजे सर्व्हिस पिस्तूल. जर्मनीचे ल्युगर, अमेरिकेचे कोल्ट १९११, इटलीचे बेरेटा १९३४ ही त्यातली गाजलेली नावे. ब्रिटिश सैन्यात प्रामुख्याने वेब्ली आणि एनफिल्डची रिव्हॉल्व्हर होती. त्यामुळे आपल्याकडील जुन्या लष्करी घरांत आठवण निघते ती बहुधा वेब्लीची. इतर देशांची पिस्तुले इथे क्वचितच दिसतात.

संग्राहकाच्या दृष्टीने अशा पिस्तुलाची खरी किंमत लोखंडात नसते. त्यावरचा अनुक्रमांक, सैन्याने उमटवलेले शिक्के आणि ते कुणाच्या हातून कुणाकडे गेले याची कागदपत्रे, यांत ती असते. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींच्या हत्येसाठी वापरलेले पिस्तूल इटालियन बनावटीचे बेरेटा होते. त्याचा ६०६८२४ हा अनुक्रमांक आजही सांगता येतो, कारण त्याची नोंद झाली. नोंद नसती, तर ते त्या जातीच्या असंख्य पिस्तुलांपैकी एक ठरले असते.

ठाण्याचा या विषयाशी संबंध काय?

संबंध जुना आहे आणि रक्ताचा आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांच्या हातात ब्राउनिंग पिस्तूल होते. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याकरवी, पेटीच्या चोरकप्प्यातून पाठवलेल्या २० ब्राउनिंग पिस्तुलांपैकी ते एक असल्याचे पुढे खटल्यात मांडले गेले. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी देण्यात आली, ती ठाण्याच्या कारागृहात.

ब्राउनिंग हे मूळच्या अमेरिकन संशोधकाचे नाव. त्याच्या आराखड्यांवर बेल्जियममधील हेर्स्ताल येथील एफएन कारखान्यात पिस्तुले तयार होत आणि त्यातले १९००चे मॉडेल बेल्जियमच्या सैन्याने स्वीकारले होते. नाशिकच्या एका नाट्यगृहापासून ठाण्याच्या फाशीच्या तख्तापर्यंतची ही कहाणी एका परदेशी पिस्तुलाभोवती फिरते. म्हणूनच जुने शस्त्र दिसले की ‘गुन्ह्याची वस्तू’ एवढाच शिक्का मारून मोकळे होणे बरोबर नाही.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम १९५९नुसार परवान्याशिवाय बंदूक, पिस्तूल वा काडतूस बाळगता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. वारसाने आलेले शस्त्रही या दोनातच मोजले जाते. म्हणजे मोठा संग्रह उभारण्याची वाट सामान्य परवान्यातून जवळजवळ बंद आहे.

शिक्षाही वाढली आहे. विनापरवाना साधे पिस्तूल सापडल्यास दोन ते पाच वर्षे कैद होऊ शकते. प्रतिबंधित शस्त्र असेल तर सात ते चौदा वर्षे. ‘आम्हाला माहीतच नव्हते’ हा बचाव चालेलच असे नाही.

खरी मेख ‘बोअर’मध्ये आहे. ०.३२ बोअरचे पिस्तूल सर्वसाधारणपणे अप्रतिबंधित गटात येते आणि त्याचा परवाना स्थानिक पातळीवर मिळू शकतो. मात्र सैन्याची काडतुसे ज्यात बसतात ती शस्त्रे प्रतिबंधित आहेत. त्यात सर्व्हिस ९ एमएम, ०.४५ रिमलेस, ०.४५५ आणि ०.३८० रिम्ड काडतुसांची पिस्तुले-रिव्हॉल्व्हर येतात. त्यांना केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी लागते. म्हणजे ल्युगर, कोल्ट १९११ किंवा जुने लष्करी वेब्ली ज्या ‘सर्व्हिस’ या गुणामुळे संग्राहकाला हवेसे वाटते, त्याच गुणामुळे कायदा ते नाकारतो.

परदेशातून नवे आणण्याचा रस्ताही सामान्य माणसाला खुला नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयातीवर निर्बंध आहेत. त्यामुळे देशात आधीपासून असलेली परवानाधारक विदेशी पिस्तुलेच हातोहात फिरतात आणि त्यांच्या किमती वस्तूच्या दर्जापेक्षा टंचाईवर ठरतात.

शंभरी ओलांडलेले शस्त्र मोकळे असते का?

हा सर्वात मोठा गैरसमज. १९७२च्या पुरावशेष कायद्यात १०० वर्षांची अट आहे, पण म्हणून शस्त्र कायदा बाजूला होत नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५मध्ये कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्राला सूट आहे. मात्र ते दुरुस्त करूनही गोळी झाडू शकणार नाही, अशी अट आहे. गंजले, अडकले, घोडा बसला एवढे पुरेसे नाही.

फेब्रुवारी २०२०मध्ये केंद्राने ‘क्युरिओ’ गटातील लहान शस्त्रे घेण्यास व बाळगण्यास परवान्याची अट काढली. पण ती वापरण्यास किंवा नेण्या-आणण्यास परवाना लागतोच आणि परवान्यावर नोंद नसेल तर काडतुसे विकता येत नाहीत. आपले पिस्तूल या गटात बसते की नाही, हे आपण किंवा दुकानदाराने ठरवायचे नसते. परवाना अधिकाऱ्याकडून लेखी उत्तर घ्यावे.

घरात असे काही सापडले तर काय करावे?

पहिली गोष्ट, घोडा ओढून पाहू नका. मॅगझिन काढले तरी नळीत एक काडतूस राहिलेले असू शकते. मुलांना खोलीबाहेर काढा, वस्तू जागच्या जागी ठेवा. फोटो कुणाला पाठवू नका. पिशवीत घालून लोकलने पोलीस ठाण्यात नेणे तर मुळीच नको. विनापरवाना शस्त्र नेणे हाही गुन्हाच. वकिलाचा सल्ला घेऊन पोलीस ठाण्याला कळवा, त्यांना घरी बोलवा, अनुक्रमांकासह पंचनामा करून घ्या आणि पावती मागा.

आजोबांचा परवाना कागदपत्रांत सापडला तर चित्र बदलते. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारस स्वतःच्या नावे परवाना मागू शकतो. परवानाधारक हयात असेल तर त्याने वयाची ७० वर्षे पूर्ण केल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर ते वारसाकडे देता येते. म्हणून ज्यांच्या घरी असे शस्त्र आहे, त्यांनी हे काम म्हाताऱ्यांच्या हयातीतच उरकावे.

अर्ज कुठे, हेही नीट पाहावे. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर हा पट्टा ठाणे पोलीस आयुक्तालयात येतो. तिथे परवाना अधिकारी पोलीस आयुक्त. मुरबाड, शहापूरसारख्या ग्रामीण भागात जिल्हाधिकारी.

मग कायदा सैल करावा का?

नाही. या बाबतीत संग्राहकांशी आमचे मतभेद आहेत. दाट वस्तीच्या, एका भिंतीला दुसरे घर चिकटलेल्या शहरात चालू स्थितीतील पिस्तुले कपाटात जमवण्याचा हक्क मागणे योग्य नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यातच गोळीबार झाला आणि आमदाराला अटक झाली, हे या भागाने पाहिले आहे. प्रत्येक निवडणुकीत परवानाधारकांना शस्त्रे जमा करायला लावावी लागतात, ती उगाच नव्हे. घरफोडीत गेलेले दुर्मीळ पिस्तूल चोराच्या हातात दुर्मीळ राहत नाही, ते फक्त पिस्तूल असते.

पण आजच्या व्यवस्थेत प्रामाणिक कुटुंबापुढे दोनच वाटा दिसतात. एक, पोलिसांना कळवावे आणि वस्तू मुद्देमालात कायमची गडप होताना पाहावी. दुसरी, गप्प बसावे. भीतीपोटी अनेकांना दुसरी सोपी वाटते. रात्री खाडीच्या पुलावरून काहीतरी पाण्यात टाकून यावे, असा सल्ला देणारेही भेटतात. त्यात इतिहास बुडतो आणि कायद्याच्या नजरेतून एक शस्त्रही निसटते. म्हणजे कडक कायद्याचा हेतूच हरतो.

तिसरी वाट कोणती?

गोळी काढून घ्यावी, गोष्ट ठेवावी. कलम ४५मध्ये दुरुस्तीपलीकडे निकामी झालेल्या पुराणवस्तूला जागा आहेच. त्या आधारावर आयुक्तालयात एक खिडकी हवी. स्वतःहून कळवणाऱ्या वारसावर केवळ त्या कारणाने खटला भरणार नाही, असे शासनाचे स्पष्ट धोरण हवे. तिथे शस्त्राचा अनुक्रमांक, शिक्के, कुटुंबाने सांगितलेली हकिगत आणि उपलब्ध कागदपत्रे नोंदवली जावीत. शस्त्र एखाद्या गुन्ह्यात वापरले गेले नाही, याची तपासणी व्हावी. त्यानंतर ऐतिहासिक मोल असेल तर राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला पहिली संधी मिळावी. तसे नसेल तर नळी आणि यंत्रणा कायमची निकामी करून, प्रमाणपत्रासह ती वस्तू कुटुंबाला परत द्यावी. शुल्क आणि मुदत दोन्ही आधी जाहीर असावीत.

यावर अस्सल संग्राहक म्हणेल की नळी बुजवलेले पिस्तूल म्हणजे दात काढलेला वाघ. म्हणू दे. वस्तुसंग्रहालयातल्या तलवारीची धार कुणी बोट लावून पाहत नाही, तरी तिच्यापुढे माणसे थांबतात. काचेमागच्या ब्राउनिंगने गोळी झाडण्याची गरज नाही. ते कुठे बनले, कुणी आणले आणि ठाण्यात त्यापायी कोण फासावर गेले, एवढे पाटीवर लिहिलेले असले की पुरे.

पुनर्विकासाच्या रेट्यात पुढच्या काही वर्षांत या शहरांतले आणखी कितीतरी माळे रिकामे होतील. ट्रंक उघडणाऱ्याला पोलिसांना फोन करण्याची भीती वाटू नये, एवढी सोय सरकारने करावी. तोवर वाचकांनी एवढेच करावे : घरात असे काही असेल, तर आजी-आजोबांना आजच विचारून घ्या आणि परवाना कुठे ठेवला आहे ते शोधा. पिस्तुलापेक्षा तो पिवळा पडलेला कागद जास्त दुर्मीळ आहे.