दोन आठवड्यांचा कागद

अन्ननलिका जठराला मिळते ती जागा दुर्बिणीतून नीट दिसायची तर यकृताचा डावा खंड वर उचलून धरावा लागतो. चरबीने जड झालेले यकृत उचलताना फाटते, रक्त येते. कधी ते पुरेसे उचललेच जात नाही. स्लीव्ह असो वा बायपास, वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाला कागदावर लिहून दिल्या जाणाऱ्या दोन आठवड्यांच्या आहाराचे मुख्य कारण हे आहे. दिवसाला साधारण 800 ते 1000 कॅलरी, पिष्ट कमी, प्रथिने पुरेशी. आधी ग्लायकोजेन आणि त्याला धरून असलेले पाणी जाते, मग चरबी उतरू लागते. मेलबर्नमध्ये कोल्स आणि सहकाऱ्यांनी 32 जणांना बारा आठवडे अगदी कमी कॅलरींचा आहार देऊन वेळोवेळी स्कॅन केले. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात यकृताचे आकारमान सरासरी 18.7 टक्क्यांनी घटले, आणि त्यातली 80 टक्के घट पहिल्या दोन आठवड्यांतच झाली होती. पुढे 2011 मध्ये बायपासच्या 298 रुग्णांवरील बहुकेंद्री चाचणीत 14 दिवसांच्या आहाराने शस्त्रक्रियेचा वेळ काही वाचला नाही. पण शल्यचिकित्सकांना काम सोपे गेले आणि पहिल्या तीस दिवसांतल्या गुंतागुंती कमी दिसल्या.

आहाराच्या कागदाचे समर्थन एवढे आहे, आणि ते पुरेसे आहे. मात्र तो रुग्णाच्या हातात पडेपर्यंत यकृत त्यातून गळून जाते आणि उरते ती परीक्षा. ‘दोन आठवडे जमत नसेल तर पुढे आयुष्यभर काय करणार?’ हे वाक्य आपल्या व्यवसायात सर्रास बोलले जाते. बोलणाऱ्याला ते प्रोत्साहन वाटते. ऐकणारी व्यक्ती वीस वर्षे हेच वेगवेगळ्या तोंडांतून ऐकत आलेली असते.

शिवाय ते शास्त्राला धरून नाही. स्लीव्हमध्ये जठराचा वरचा फुगीर भाग काढला जातो आणि त्याबरोबर घ्रेलिनचा मोठा स्रोत जातो. बायपासनंतर आतड्यांतले संप्रेरकांचे संकेत बदलतात. आधीचे दोन आठवडे रुग्ण जुन्याच जठराने आणि जुन्याच भुकेने काढत असतो. त्या दिवसांतल्या ओढाताणीवरून नंतरच्या वागण्याचा निकाल लावणे म्हणजे शिडी देण्याआधीच माळ्यावर चढून दाखव म्हणण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या विमा कंपन्या मंजुरीआधी कित्येक महिन्यांचा सक्तीचा आहार कार्यक्रम मागत. तिथल्या मेटाबॉलिक व बॅरिअॅट्रिक शल्यचिकित्सकांच्या संघटनेने 2016 च्या निवेदनात ही सक्ती भेदभावाची, मनमानी आणि शास्त्रीय आधार नसलेली ठरवली. आपल्याकडे विमा नियामकाच्या नियमांत वेगळीच गंमत आहे. बीएमआय 40, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास 35, आणि त्यासोबत वजन कमी करण्याचे कमी धोक्याचे उपाय फसलेले असणे, अशी ती अट. रुग्णाने आधी आपले अपयश कागदोपत्री सिद्ध करायचे, आणि तारीख मिळाली की पुढच्याच पंधरवड्यात आपण त्याच्याकडून यश मागायचे!

भूक माणसाचे काय करते हे 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी नोंदवून ठेवले आहे. 36 निरोगी तरुण, दिवसाला सुमारे 1570 कॅलरी, सहा महिने. ती मुले पाककृतींची पुस्तके जमवू लागली, जेवण तासन्तास लांबवू लागली, चिडचिडी झाली. स्थूल रुग्णाकडे चरबीचा साठा असतो आणि काळही थोडा असतो, म्हणून तुलना पूर्ण जुळत नाही. तरीही त्याहून कितीतरी कमी कॅलरींवर बसवलेल्या माणसाने हसतमुख राहावे, ही अपेक्षा आपण कुठून आणतो? पिष्ट खरोखर कमी ठेवले तर तीन-चार दिवसांनी कीटोसिसमुळे भूक बऱ्याच जणांची ओसरते. डोके दुखणे, तोंडाचा वास, बद्धकोष्ठता, चिडचिड यांसकट हे आधीच सांगितलेले असेल तर दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ निभावते. सांगितलेले नसेल तर त्या संध्याकाळी रुग्णाला एकच अर्थ सुचतो, की दोष आपल्यातच आहे.

आता आहारतज्ज्ञांसाठी थोडा हिशोब. अनेक शाकाहारी रुग्णांच्या कागदावर मुगाचे कढण दिसते. साठ ग्रॅम प्रथिने निव्वळ मुगाच्या डाळीतून मिळवायची तर अडीचशे ग्रॅम कच्ची डाळ लागते, आणि तिथेच साडेआठशे कॅलरी होतात. वर पिष्ट दीडशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पोट भरत नाही, कीटोसिसही येत नाही, आणि दोष मात्र इच्छाशक्तीवर जातो. व्हे, पनीर, घट्ट दही, चालत असतील तर अंडी, यांच्याशिवाय हे गणित सुटत नाही, आणि व्हे परवडत नसेल तर तो प्रश्न पहिल्याच भेटीत निघायला हवा. ‘भात-पोळी बंद’ लिहिणारा कागद एकादशीबद्दल गप्प असतो. घरात साबुदाण्याची खिचडी होते आणि ‘उपवासाचंच तर आहे’ म्हणून ती खाल्ली जाते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे हे रुग्णाला कोणी सांगितलेलेच नसते. शक्य असेल तिथे तारीख श्रावण, गणपती आणि दिवाळी सोडून द्यावी. आणि रुग्ण बाई असेल तर तिच्या घरचा स्वयंपाक त्या पंधरा दिवसांत कोण करणार, हे विचारावे. सकाळी सहा माणसांच्या पोळ्या लाटून स्वतः शेक पिणे किती अवघड आहे, याची नोंद कुठल्याही कागदात नसते.

परीक्षा म्हटली की कॉपी आली. चुकलेला रुग्ण लपवतो, आणि इथे लपवणे महागात पडू शकते. चुकल्याची भरपाई म्हणून तो पुढचे दोन दिवस पाण्यावर काढतो, पण सल्फोनिलयुरिया किंवा इन्सुलिन चालूच ठेवतो. एसजीएलटी-2 गटाची गोळी, पिष्ट नाही, वर उपास, यातून साखर जवळपास सामान्य दिसत असतानाही कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो. ही औषधे शस्त्रक्रियेआधी किमान तीन दिवस, अर्टुग्लिफ्लोझिन चार दिवस, बंद हवीत. दुसरीकडून घेतलेले वजनाचे इंजेक्शन आपल्याला न सांगणारेही आता भेटू लागले आहेत, आणि ते जठर रिकामे होण्याचा वेग कमी करते ही गोष्ट भूलतज्ज्ञाला माहीत असलीच पाहिजे.

म्हणून दहाव्या दिवशी खाल्लेला वडापाव आणि शस्त्रक्रियेच्या सकाळी घेतलेला दुधाचा चहा यांतला फरक कागदावर ठळक लिहावा. पहिल्यानंतर पुढच्या जेवणापासून पुन्हा सुरुवात करायची, उपाशी राहायचे नाही, आहारतज्ज्ञाला फोन करायचा. दुसरा घेतला असेल तर तो सांगितल्याशिवाय टेबलावर जायचेच नाही. दोन्हींना एकाच आवाजात ‘चालणार नाही’ म्हटले की दोन्ही लपवले जातात.

शंकांचेही असेच होते. ‘डोळे उघडलेच नाहीत तर?’, ‘इंजेक्शनं निघालीत की आता, मग कापायचं कशाला?’, ‘सगळे म्हणतील, कष्ट नकोत म्हणून सोपा मार्ग धरला.’ अनेक जण नातेवाइकांना पित्ताशयाचे ऑपरेशन असल्याचे सांगून दाखल होतात. पहिल्या प्रश्नाला आकडा आहे: 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 4776 रुग्णांच्या अमेरिकी पाहणीत तीस दिवसांतले मृत्यू 0.3 टक्के होते. दुसऱ्याला प्रामाणिक उत्तर आहे: मार्च 2025 पासून टिर्झेपाटाइड भारतात मिळते, त्याने वजन चांगले उतरते, औषध थांबवले की बरेचसे परत चढते, शस्त्रक्रियेमागे स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या अभ्यासासारखा दीर्घ पाठपुरावा आहे, मात्र त्यात रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. तिसऱ्याला आकडा नाही. तिथे अर्धा तास लागतो, आणि आपल्या ओपीडीत नेमका तोच नसतो.

शंका विचारणाऱ्या रुग्णाला ‘मोटिव्हेशन कमी’ असा शेरा मारण्याआधी शंका कशातून आली आहे ते पाहावे. भीती, जेवणातल्या आनंदाचा शोक आणि घरच्यांनी लग्नासाठी टाकलेला दबाव या वेगळ्या गोष्टी आहेत. तिसरीत शस्त्रक्रिया पुढे ढकलणे हाच उपचार असू शकतो, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर बारा ते अठरा महिने गरोदरपण टाळावे लागेल हे जिला कोणी सांगितलेले नसते तिच्या बाबतीत. मानसोपचारतज्ज्ञाची भेट ‘फिटनेस’ची सही घेण्यापुरती उरली तर यातले काहीच बाहेर येत नाही.

काही जण तरीही नाही म्हणतील. कागद घेऊन जातील आणि फिरकणार नाहीत. त्यांची फाइल बंद होते, ही आपल्या केंद्रांची जुनी सवय आहे. त्यांचा मधुमेह, झोपेतला श्वासरोध, कमी असलेले बी-12 जागच्या जागी असते. सहा आठवड्यांनी त्यांना एक फोन जावा, आणि त्यात शस्त्रक्रियेच्या तारखेचा विषय आपण काढू नये.