रात्री घड्याळ काढून ठेवायचं कसं?

संपादक महोदय,
स्मार्टवॉच रोज रात्री चार्जिंगला लावलं की झालं, सोयी तेवढ्या भरपूर हव्यात, हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकांचं म्हणणं मला पटत नाही. 2024 च्या ॲपल वॉच सिरीज 10 ला कंपनी स्वतःच एका चार्जिंगमागे 18 तास देते. म्हणजे झोपेची नोंद घ्यायच्या वेळीच घड्याळ चार्जरवर! आमच्या बार्शी भागात शेतीपंपाची वीज रात्रपाळीत आली की शेतकरी मध्यरात्री मोटार चालू करायला निघतो. अंधारात बांधावरून पाय घसरला, तर घरी खबर देणारी घड्याळाची सोय त्याला तेव्हाच हवी असते.

बॅटरी खातात ते सतत उजळलेला पडदा, जीपीएस आणि मनगटावर हिरवा उजेड टाकून ठोके मोजणारा सेन्सर. पडदा खुशाल बंद ठेवा, जीपीएस लागेल तेव्हाच लावा. ठोके मात्र मोजू द्या. पडदा साधा असला की किती फरक पडतो पाहा: 2013 मध्ये आलेलं पेबल हे स्मार्टवॉच ई-पेपर पडद्यावर जवळपास आठवडाभर चालायचं. आणि कंपन्यांनी निदान चार्जर तरी एकसारखे करावेत. पंढरीच्या वाटेवर मुक्कामाला फोनची पिन कुणाकडेही मिळते, आपल्या घड्याळाची चार्जिंगची चकती मिळत नाही.

आपला,
एक वाचक, बार्शी