पाचव्या तासाची झोप

मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन मुले वर्गात येतात आणि पाचव्या तासाला एखादे डोके वहीवर टेकते. आपण त्याला उभे करतो, तोंड धुऊन यायला सांगतो, कधी इतर मुले हसली तरी गप्प राहतो. आमचे स्पष्ट मत आहे की त्या मुलाला पंधरा मिनिटे झोपू द्यावे आणि ही सोय वेळापत्रकातच असावी.

दुपारची ही पेंग आळसातून येत नाही. तिचा सगळा दोष खिचडीलाही देता येणार नाही, कारण शरीराचे घड्याळच त्या सुमारास मंदावते. दिवसा झोपू नये असे बजावणाऱ्या चरकसंहितेनेही बालकांना आणि थकलेल्यांना सूट दिली आहे. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दुपारची झोप धरून दिवसाला 10 ते 13 तास झोप लागते. अमेरिकेत रेबेका स्पेन्सर यांच्या गटाने 2013 मध्ये बालवाडीतल्या मुलांना सकाळी चित्रांच्या जागा लक्षात ठेवायला दिल्या. दुपारी झोपलेल्या मुलांना त्या अधिक आठवल्या. न झोपलेल्यांचे नुकसान रात्रीच्या झोपेनेही भरून निघाले नाही. म्हणून बालवाडीताईंनी सतरंजी अंथरणे हे शिकवण्याचेच काम आहे.

मोठ्या मुलांचे काय? जपानमधील कुरुमे येथील मेइझेन हायस्कूलने 2005 मध्ये जेवणानंतर पंधरा मिनिटे बाकावर डोके ठेवून झोपण्याची पद्धत सुरू केली. ही वेळ वीस मिनिटांपुढे जाऊ देऊ नये. झोप गाढ झाली की मूल उठल्यावर गुंगीत राहते आणि पुढचा तासही वाया जातो. ज्याला झोप येत नाही त्याने शांतपणे पुस्तक वाचावे. सक्ती कोणावरच नको.

‘रात्री मोबाइल बघतात, त्याला आम्ही काय करणार?’ असे शिक्षक विचारतात. मोबाइलचे खरेच आहे. पण किशोरवयात झोपेची वेळ शरीरच पुढे ढकलते, आणि आपण त्याच मुलांना सकाळी सातच्या सत्राला बसवतो. राज्य शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये शाळा नऊच्या आधी भरवू नये असे सांगितले, पण ते चौथीपर्यंतच. दुपारची डुलकी हा पहाटेच्या घंटेवरचा उतारा नव्हे. माध्यमिक शाळांनीही सकाळची वेळ पुढे न्यावी, ही आमची मागणी कायम आहे.

रोज झोपणाऱ्या मुलाची मात्र गोष्ट वेगळी. त्याला झोपू द्या, पण त्याच आठवड्यात पालकांना भेटा. मूल रात्री घोरते का? तोंडाने श्वास घेते का? टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढल्या असतील तर रात्रभर पडूनही झोप पुरी होत नाही. रक्त कमी असेल तर मूल सदैव दमलेले दिसते. कुणी पहाटे पाणी भरते, कुणी बाजारात माल उतरवते; हे हजेरीपटावर दिसत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येईल तेव्हा अशा मुलांची नावे तयार ठेवा आणि डॉक्टरांना झोपेबद्दल मुद्दाम सांगा.

केंद्रप्रमुख वर्गात आले आणि मुले झोपलेली दिसली तर, ही भीती आम्हाला ठाऊक आहे. त्यासाठी मुख्याध्यापकांनी जूनच्या पहिल्याच शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत या पंधरा मिनिटांचा ठराव घ्यावा आणि तो वेळापत्रकाशेजारी लावावा.